मुदत परवाची

साहेब दावा जिंकले त्या दुपारी ऑफिसात शिट्टी ऐकू आली. सव्वीस वर्षांत मी त्यांना शिट्टी वाजवताना कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं, पंख्याचं बेअरिंग गेलं. मी खुर्चीवर चढून पंखा बघतेय तोवर साहेब दारात उभे. कोट खांद्यावर, चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा.

"बाई, खाली उतरा. फेटाळला!"

आमचे साहेब वकील. मी त्यांची टायपिस्ट, कारकून, तारखांची वही सांभाळणारी आणि त्यांच्या पत्नीच्या मते त्यांची दुसरी सासू. ऑफिस दोन खोल्यांचं, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. आतल्या खोलीत साहेब आणि पुस्तकं, बाहेरच्या खोलीत मी आणि बाकी सगळं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कोर्ट. पुकारा झाला की शिपाई तिकडच्या खिडकीतून हात करतो आणि साहेब कोट चढवत जिना उतरतात.

पण फेटाळलेला दावा कुठल्या अशिलाचा नव्हता. तो साहेबांवरच होता. दीड वर्षापूर्वी आमच्याच एका जुन्या अशिलाने तो ठोकला होता. म्हणणं असं, की वकिलाने हलगर्जी केली, अपिलाची मुदत चुकवली आणि त्यापायी माझं दुकान गेलं. न्यायाधीशांनी अपिलावरचा शिक्का बघितला, निकालाची नक्कल कधी मिळाली ते बघितलं, दिवस मोजले आणि वीस मिनिटांत विषय संपवला. अपील मुदतीत होतं, तेही एक दिवस हातात ठेवून. दुकान गेलं ते भाडेकरारातल्या एका कलमापायी, आणि त्या कलमावर तो स्वतःच सही करून बसला होता.

हा अशील म्हणजे बाइंडर. त्याला नाव आहे, पण आमच्याकडे ते फक्त कागदोपत्री. वीस वर्षं आमची सगळी पुस्तकं आणि फायली त्यानेच बांधल्या. साहेबांच्याच वयाचा, बोटांना कायम सरस चिकटलेला, बोलणं मोजकं. शनिवारी दुपारी कोर्ट सुटलं की तो वर यायचा, साहेबांसमोर बसायचा आणि दोघं चहा पीत जगाला नावं ठेवायचे. जाताना माझ्या टेबलाखालच्या खोक्यातले पाठकोरे कागद घेऊन जायचा. पाठकोरे म्हणजे एका बाजूने टाइप झालेले, मागून कोरे, वाया गेलेले मसुदे. अशिलांची नावं असलेली पानं मी आधी फाडून टाकायची. उरलेल्यांचे तो चिठ्ठ्यांचे पॅड करून आणायचा, कडेला सरस, खाली पुठ्ठा. वीस वर्षं मी त्याच पॅडवर लिहिलं. दावा झाल्यापासून दुकानातला पॅड वापरते. त्याची पानं एक ओढलं की तीन निघतात. त्याचाही राग मी बाइंडरच्या खात्यावर टाकला होता.

"आता आपली पाळी," साहेब म्हणाले. टेबलाच्या कडेवर बसले, जे ते कधी करत नाहीत. "आता आपण त्याच्यावर दावा लावायचा. द्वेषबुद्धीने, काहीही कारण नसताना, मला कोर्टात खेचलं म्हणून. आणि त्याच्या त्या नव्या वकिलालाही दोन नंबरचा प्रतिवादी करायचा. दिवस मोजता येत नाहीत, निघाला वकिली करायला!"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. त्या दीड वर्षात साहेबांचं काय झालं ते मी रोज बघत होते. वकिलांच्या संघटनेची नोटीस आली. दोन जुने अशील गोड बोलून फायली घेऊन गेले. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत चहाला जाणं त्यांनी सोडलं. आत शिरलं की गप्पा थांबतात, म्हणाले. एवढा गप्पिष्ट माणूस माझ्यासमोर बसून खिडकीबाहेर बघत चहा प्यायचा आणि कप अर्धा ठेवायचा.

आणि माझा स्वतःचाही हिशोब होताच. बाइंडरच्या दाव्यातला सातवा परिच्छेद मला तोंडपाठ होता. 'प्रतिवादीच्या कार्यालयानेच वादीस अपिलाची मुदत टळल्याचे कळवले होते.' कार्यालय म्हणजे कोण? साहेब तेव्हा कोर्टात असायचे. कार्यालय म्हणजे मी! सव्वीस वर्षांत माझ्या वहीतली एक तारीख हुकलेली नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही, हे हार्डवेअरवाल्यालाही माहीत आहे. आणि हा म्हणतो, मी त्याला मुदत टळली असं सांगितलं? वाचलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून तिथेच होती.

"या दाव्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात," साहेब बोट वर करून म्हणाले. दीड वर्षाने ते बोट वर झालेलं बघून बरं वाटलं. "एक, त्याच्याकडे वाजवी कारण नव्हतं. दोन, मनात खोट होती. तर या दोन्ही गोष्टी तो सातवा परिच्छेद एकटा सिद्ध करतो. कारण तो ढळढळीत खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे शपथेवर सांगणार तुम्ही."

"सांगते की," मी म्हणाले. "एकदा नाही, दहादा सांगते."

आठवडाभर मी टाइप करत होते. दावा चाळीस पानांचा झाला, आणि साहेबांना दर दोन तासांनी नवं विशेषण सुचायचं. 'केवळ द्वेषबुद्धीने' वर समाधान होईना म्हणून 'निव्वळ आणि केवळ द्वेषबुद्धीने' झालं. मी म्हटलं, निव्वळ आणि केवळ एकच. ते म्हणाले, राहू द्या, जोर येतो. माझं प्रतिज्ञापत्र दोन पानांचं. 'मी प्रतिवादीस मुदत टळल्याचे कधीही, कोणत्याही प्रकारे कळवलेले नाही. प्रतिवादीस तसे वाटण्यास कोणतेही कारण नव्हते.' सोमवारी सही करायची आणि सगळं दाखल करायचं, असं ठरलं.

शनिवारी साहेब लवकर घरी गेले. मी मागे राहून बाइंडरच्या जुन्या दाव्याची फाइल चाळत बसले. आमच्या दाव्याला त्यातल्या पानांचे नंबर लावायचे होते. आमच्याकडे आलेली ती प्रत त्याने स्वतः बांधलेली. दुष्मनाची असली तरी सांगते, काम सुरेख होतं. टाके एका रेषेत, कणा सरळ, कुठेही उघडा, पान जागचं हलत नाही. नव्या वकिलाने नुसती दोरी बांधून दिली असणार आणि याच्या हाताला ते सहन झालं नसणार.

सगळ्यात शेवटी, पान एकसष्टच्या मागे, एक लहान चिठ्ठी होती. तिला कडेने कागदाची बारीक पट्टी चिकटवून ती पट्टी टाक्यात घेतली होती, चिठ्ठीला भोक पडू नये म्हणून. नंबर नाही, यादीत नोंद नाही, म्हणून दीड वर्षात आमच्या कोणाच्या नजरेस पडली नव्हती. त्याच्याच जुन्या पॅडचं पान आणि अक्षर माझं.

'मुदत परवाची. साहेब बघतील. काळजी नको.'

खाली तारीख. बुधवार होता तो.

मला लगेच आठवलं. साहेब कोर्टात होते. मी फोनवर, रिसीव्हर हनुवटीखाली दाबलेला, पलीकडे एक अशील आपल्या भावाविरुद्ध रडत होता. बाइंडर दारात येऊन उभा राहिला, नुसत्या खुणेने विचारलं, अपिलाचं काय? मी पॅड ओढला, लिहिलं, पान फाडून दिलं. त्याने वाचलं. चेहरा पडला. घाबरतोय बिचारा म्हणून मी हात हलवून सांगितलं, जा, काही होत नाही. तो मान खाली घालून जिना उतरला. अपिलाची मुदत शुक्रवारची होती. साहेबांनी गुरुवारीच दाखल केलं.

माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं. हा घ्या पुरावा! त्याच्याच फाइलमध्ये, त्याच्याच हाताने शिवलेला! मी बुधवारी लिहून दिलं होतं की मुदत परवाची, म्हणजे शुक्रवारची, आणि हा म्हणतो मुदत टळल्याचं कळवलं. मी त्या पानावर पिवळी पट्टी चिकटवली, फाइल पिशवीत घातली आणि घरी जाताना, लाज वाटते सांगायला, मीसुद्धा शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली.

घरी मोरीचा नळ चार दिवसांपासून गळत होता. आमचे हे निवृत्त आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून घराचा कारभार चिठ्ठ्यांवर चालवतात. फ्रिजवर लोहचुंबकाखाली चिठ्ठी होती. 'नळवाला परवा.' बरं, म्हटलं, सोमवारी येतोय. नळाखाली मोठी बादली लावली, वर फडकं बांधलं, दोन दिवसांची सोय केली. हे फिरून आले, बादली बघितली आणि म्हणाले, "हे काय? नळवाल्याला फोन नाही केलास?"

"कशाला? परवा येतोय ना."

"येतोय कुठला? परवा येऊन गेला! आपण दोघं बाहेर होतो. कुलूप बघून परत गेला, आज शेजारच्या काकूंनी सांगितलं. आता तूच त्याला फोन करायचा म्हणून तर चिठ्ठी लावली."

मी खवळले. "मग 'येऊन गेला' असं लिहायला शाई संपली होती का? परवा म्हणजे झालेला की यायचा, हे वाचणाऱ्याने कुठून ओळखायचं? तुमच्या पोटात शिरून बघायचं का? लिहिणाऱ्याला माहीत असतं हो, पण वाचणाऱ्याला..."

तिथेच माझी वाचा बसली.

"वाचणाऱ्याला काय?" हे म्हणाले. "बोल की. कधी नव्हे ते मुद्द्याचं बोलतेयस."

मी पिशवीतून फाइल काढली. शेवटचं पान उघडलं. मुदत परवाची. साहेब बघतील. काळजी नको. या वेळी मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं नाही. दारात उभ्या असलेल्या, दुकान जायची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या, कायद्यातलं काही न कळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचलं. मुदत परवाची, म्हणजे सोमवारी गेली. साहेब बघतील, म्हणजे आता साहेब निस्तरतील. काळजी नको, हे तर आपण अनर्थ झाल्यावरच म्हणतो.

एक आशा उरली होती. मी कपाटामागून त्या वर्षाचं जुनं कॅलेंडर काढलं, पानं उलटली आणि खालच्या कोर्टाचा निकाल लागला त्या तारखेपासून बोट ठेवत तीस दिवस मोजले. तिसावा दिवस सोमवार. नक्कल मिळायला चार दिवस लागले आणि ते मुदतीत धरत नाहीत, म्हणून खरी मुदत शुक्रवारची. पण हे वकिलाला माहीत, मला माहीत. बाइंडरने मोजले असणार ते निकालापासून. म्हणजे माझी चिठ्ठी सोमवार म्हणते, त्याचं कॅलेंडर सोमवार म्हणतं आणि अपिलावर शिक्का गुरुवारचा. मी त्याच्या जागी असते तर दावा ठोकायला एक दिवसही थांबले नसते.

ह्यांनी चिठ्ठी वाचली, कॅलेंडर बघितलं. माझी फिरकी घ्यायची एवढी आयती संधी, पण घेतली नाही. उठून नळवाल्याला फोन केला आणि स्पष्ट म्हणाले, "सोमवारी. येत्या सोमवारी, सकाळी."

रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. लाज वाटत होती आणि भीतीही. भीती नोकरीची नव्हती. साहेब पुन्हा खिडकीबाहेर बघत बसतील याची होती. इतक्या दिवसांनी माणूस शिट्टी वाजवायला लागला आणि ती बंद करायची पाळी माझ्यावर यावी! एकदा मनात आलं, पिवळी पट्टी काढावी, फाइल मिटावी, कोणाला दिसणार आहे? चिठ्ठीचा नंबरही नाही. मग त्या टाक्यांकडे बघितलं. नव्या वकिलाला ती चिठ्ठी कचरा वाटली, पण त्याने पट्टी लावून जपली होती, कारण त्याच्या लेखी सगळी केस तेवढीच होती. आणि सोमवारी मी शपथ घेऊन सांगणार, की याला तसं वाटायला काही कारण नव्हतं. कारण माझ्या अक्षरात माझ्या मांडीवर पडलं होतं.

सोमवारी साहेब आले तेच गुणगुणत. मी फाइल समोर ठेवली. "साहेब, हे वाचा."

त्यांनी वाचलं. "अरे वा! कुठे मिळाली? मुदत शुक्रवारची, तुम्ही लिहिलंत बुधवारी. आणि हा म्हणतो..."

"आता तुम्ही बाइंडर आहात असं समजून वाचा."

"म्हणजे?"

"वाचा तर."

त्यांनी पुन्हा वाचलं. तोंडातल्या तोंडात म्हटलं, परवाची. भुवया जवळ आल्या. मी कॅलेंडर पुढे केलं, सोमवारवर बोट ठेवलं. साहेब हुशार आहेत, मला पुढे काही बोलावं लागलं नाही. खुर्ची करकरली.

मग वकील जागा झाला. "तरीही, बाई, तुमचं पहिलं वाक्य खोटं ठरत नाही. मुदत टळली असं तुम्ही कळवलेलं नाही. शब्दशः खरं आहे ते. दुसरं वाक्य गाळू."

"शब्दशः खरं आहे म्हणूनच मी सही करणार नाही," मी म्हणाले. "सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती ही. ती मी मान्य करते. पण माझी चूक झाकायला त्या माणसाला शपथेवर खोटारडा म्हणणार नाही. तो खोटं बोलला नव्हता, साहेब. मी लिहिलं तेच त्याने वाचलं."

"दीड वर्ष, बाई!" साहेब एकदम ओरडले. खाली हार्डवेअरवाल्याने वर बघितलं असणार. "दीड वर्ष मी चहाला गेलो नाही! लोकांनी माझ्याकडे बघून गप्पा बंद केल्या! आणि ते सगळं एका..." त्यांनी चिठ्ठीवर बोट आपटलं. "एका 'परवा'साठी?"

"हो," मी म्हणाले आणि मला रडू आलं. मी ऑफिसात रडत नाही. आतल्या खोलीतल्या पुस्तकांसमोर तर नाहीच नाही.

साहेबांनी त्यांचा रुमाल पुढे केला. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं, परत सुरू झालं खिडकीबाहेर बघणं. पण ते वळले आणि कोट उचलला.

"चला."

"कुठे?"

"त्याच्याकडे. साक्षीदार तपासल्याशिवाय मी कधी दावा लावलेला नाही. तो दाव्याचा गठ्ठाही घ्या बरोबर."

बाइंडर आता घरीच काम करतो. पुढची खोली पुस्तकांनी भरलेली, मध्ये लोखंडी दाबयंत्र, स्टोव्हवर सरसाचं भांडं. दार त्यानेच उघडलं. आम्हाला बघून बाजूला सरला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. खुर्चीवरची पुस्तकं मात्र उचलली.

साहेब बसले नाहीत. फाइल उघडून त्याच्यापुढे धरली. "एकच विचारतो. ही चिठ्ठी हातात आली तेव्हा तू काय समजलास?"

"लिहिलंय ते," बाइंडर म्हणाला. "मुदत परवा गेली. साहेब बघतील, म्हणजे तुम्ही काहीतरी करून निस्तराल."

"मग मला विचारलं का नाहीस? शनिवारी यायचास ना वर?"

त्याने हाडाची पट्टी उचलली आणि समोरच्या कागदाच्या घडीवरून फिरवायला लागला. घडी आधीच बसलेली होती. "विचारणार होतो. मग वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. एवढ्या वर्षांची ओळख. चूक काय, कोणाकडूनही होते, पण माणूस सांगतो. मी वाट बघितली. निकाल लागेपर्यंत बघितली, नंतरही महिनाभर बघितली. रस्त्यात भेटलात की तुम्ही हसून विचारायचात, काय म्हणतोयस? दुकान गेलं त्याचा राग नव्हता साहेब. राग त्याचा आला."

साहेब खुर्चीत बसले. "अरे, सांगायला आधी चूक तर व्हायला हवी ना!"

"चूक माझी," मी मध्ये पडले. "दादा, परवा म्हणजे पुढचा शुक्रवार लिहिला होता मी. गेलेला सोमवार नाही." आणि मी त्याला सगळं सांगितलं. फोन, हनुवटीखालचा रिसीव्हर, आमच्या घरचा नळ. नकलेचे चार दिवस त्याच्या समोर बोटांवर मोजून दाखवले. त्याने माझ्याबरोबर आपलीही बोटं मोजली.

"नकलेचे दिवस धरत नाहीत?"

"नाही धरत."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुझ्या वकिलालाही कोणी सांगितलेलं नव्हतं," साहेब म्हणाले. बाइंडरच्या तोंडाचा एक कोपरा हलला. वीस वर्षांच्या सवयीने हलला असेल, पण हलला.

मग त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. "खरं सांगू? परवा, म्हणजे मागच्या सोमवारी... गेल्या सोमवारी," त्याने स्वतःला सावरलं, "कोर्टाने तुमच्या बाजूने दिलं तेव्हाही मला वाटलं, शिक्क्याचं तुम्ही जमवून आणलंत."

"याचं मात्र वाईट वाटलं," साहेब म्हणाले.

"वाटायलाच हवं. मी चुकलो."

"थांब, माझं ऐक. मी तुला कोर्टात उभं करून खोटारडा ठरवायला निघालो होतो. आजच. चाळीस पानं लिहिली आहेत." आणि साहेबांनी माझ्या हातातला गठ्ठा घेतला. चाळीस पानांच्या चार प्रती, शिवाय बाद झालेले सगळे मसुदे. तो त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवला. "हे घे."

"काय आहे?"

"पाठकोरे कागद."

बाइंडरने सवयीने गठ्ठा दोन्ही हातांनी ठोकून कडा सारख्या केल्या. मग वरचं पान वाचलं. "यात तर माझंच नाव आहे. आणि पुढे, निव्वळ आणि केवळ द्वेषबुद्धीने. निव्वळ आणि केवळ एकच ना हो?"

"मी सांगितलं होतं!" मी म्हणाले.

"पुढची बाजू वाचू नकोस," साहेब म्हणाले. "मागची कोरी आहे."

त्याने गठ्ठा पालथा केला, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला आणि दाबयंत्राखाली ठेवला. मग आत जाऊन चहाचं सांगून आला. साहेबांनी कप पुरता संपवला. मी बघत होते.

शनिवारी तो जिना चढून वर आला. हातात बारा पॅड, कडेला सरस, खाली पुठ्ठा. आत गेला. थोड्या वेळाने आतून दोघांचा आवाज यायला लागला. नवा वकील, घरमालक, हल्लीचा सरस, कोणी सुटलं नाही. साहेब आता कोर्टातही चहाला जातात. स्वतःच तिथे परवाची गोष्ट सांगतात आणि माझी फसलेली शिट्टीही त्यात घालतात. घालू देत.

पहिल्या पॅडचं पहिलं पान मी एका बाईंना फाडून दिलं. त्यांच्या खटल्याची पुढची तारीख हवी होती. फोन वाजत होता, वाजू दिला. दोन्ही हात टेबलावर ठेवून लिहिलं, 'येत्या शुक्रवारी, बारा तारखेला, सकाळी अकरा वाजता कोर्टात यायचे आहे.' बाईंनी वाचलं, मान हलवली, मग सहज चिठ्ठी उलटली आणि दचकल्या.

"अहो बाई, मागे काहीतरी भयंकर लिहिलंय. द्वेषबुद्धीने, खोटारडेपणाने... कोणाची केस आहे ही?"

"कोणाचीच नाही," मी म्हणाले. "ती दाखलच झाली नाही."